हवा किती?

दिवाळीच्या अलीकडे-पलीकडे धाराशिवच्या बाजार समितीत सकाळी सातलाच सोयाबीनच्या गाड्या लागतात. थंडी नुकती पडायला लागलेली असते, चहावाला पहिलं आधण ठेवत असतो, हमाल पोती उतरवत असतात आणि तेवढ्यात प्रश्न येतो, "हवा किती?" आमच्याकडं दाण्यातल्या ओलाव्याला हवा म्हणतात. आडत्याचा माणूस पोत्यात लोखंडी पोकळ नळी खुपसतो, मूठभर दाणे काढतो, यंत्राच्या वाटीत टाकतो आणि आकडा पुकारतो. "चौदा हाय, गुर्जी." संपलं. सहा एकरांतल्या चार महिन्यांच्या कष्टाचा भाव त्या एका मुठीवर ठरतो.

मी गणिताचा निवृत्त मास्तर आणि उरलेला वेळ शेतकरी. त्यामुळं त्या मुठीकडं माझ्या दोन नजरा जातात. शेतकऱ्याला वाटतं, वरच्या पोत्यातलाच माल का काढला, ते रात्री दवात भिजलं होतं. मास्तराला कौतुक वाटतं, की पंचवीस क्विंटलांचं म्हणणं मूठभर दाण्यांनी मांडता येतं. आणि दोघांचंही खरं असतं. ती मूठ नीट काढली असेल तर खोटं बोलत नाही. नीट काढली नसेल तर पोतंभर दाणे काढले तरी खोटंच बोलेल.

हाच शब्द निवडणुकीत येतो. एसटीत, पारावर, सलूनमध्ये. "काय म्हनती हवा?" २०२४च्या कार्तिकात तर या दोन्ही हवा एकमेकींत मिसळून गेल्या होत्या. सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये, बाजारात त्याच्या खालीच दर, आणि सरकारी केंद्रावर गेलं तर बारा टक्क्यांच्या वर हवा असलेला माल परत. लोक वैतागले होते. २० नोव्हेंबरला विधानसभेचं मतदान होतं आणि १५ तारखेच्या सुमारास केंद्र सरकारनं ओलाव्याची अट बारावरून पंधरा टक्क्यांवर नेली. आमच्या शेजारच्या आप्पांनी त्यावर जे म्हटलं ते मला अजून आठवतं: "आमची हवा त्यांनी तीन टक्के वाढवून दिली, आता त्यांची किती वाढती बघू." त्यांची केवढी वाढली ते २३ तारखेच्या निकालात कळलं.

निवडणुकीआधीच्या जनमत चाचण्या कशा वाचायच्या, हा विषय मोठमोठ्या विद्यापीठांत शिकवतात. माझं म्हणणं एवढंच, की आमच्या जिल्ह्याला तो वेगळा शिकवायला लागू नये. आमचं सगळं आयुष्यच नमुन्यांवर चालतं. दाण्याची हवा मुठीवर ठरते, टंचाईच्या सवलती पैसेवारीवर ठरतात, विमा कापणी प्रयोगावर ठरतो. फसलो तर आम्हाला लगेच कळतं कुठं फसलो. टीव्हीसमोर बसल्यावर मात्र आम्ही हे सगळं विसरतो आणि पडद्यावर आलेला आकडा देवाचा कौल असल्यासारखा बघतो.

पैसेवारीच घ्या, म्हणजे गावच्या पिकाचा पैशांत मांडलेला अंदाज. सप्टेंबरअखेर नजर पैसेवारी जाहीर होते, ऑक्टोबरअखेर सुधारित आणि १५ डिसेंबरला अंतिम. पन्नास पैशांच्या खाली आली तर गाव टंचाईच्या सवलतींत, वर राहिली तर नाही. नजर पैसेवारी म्हणजे शब्दशः नजरेनं केलेला अंदाज. गावातला कुणीही म्हातारा नजर पैसेवारीवर कर्ज काढत नाही. तो म्हणतो, "अंतिम येऊ द्या." हाच म्हातारा ऑगस्टमधली जनमत चाचणी बघून नोव्हेंबरच्या निकालावर पैज लावतो. मतदानाआधीची चाचणी ही नजर पैसेवारी, मतदानानंतरचा एक्झिट पोल ही सुधारित, आणि मतमोजणी ही अंतिम. तिन्हींना एकच भाव देऊन कसं चालेल?

त्याहून खोल गोष्ट कापणी प्रयोगाची आहे. एक रुपयातला पीकविमा २०२५च्या खरिपात बंद झाला आणि भरपाई पुन्हा मुख्यतः कापणी प्रयोगावर आली, म्हणून हा विषय सध्या प्रत्येक घरात आहे. प्रयोग असा: महसूल मंडळातली काही गावं निवडायची, गावातला गट नंबर चिठ्ठी टाकल्यासारखा यदृच्छेनं काढायचा, त्या रानात दहा मीटर लांब, पाच मीटर रुंद तुकडा आखायचा, तेवढंच पीक कापून, मळून वजन करायचं. अशा थोड्या तुकड्यांवरून सगळ्या मंडळाचं सरासरी उत्पन्न काढतात. ते आधी ठरवलेल्या उंबरठा उत्पन्नाच्या खाली गेलं तर मंडळातल्या विमा काढलेल्या सगळ्यांना भरपाई, नाही गेलं तर कुणालाच नाही.

ही पद्धत ज्यांनी भारतात शास्त्रशुद्ध करून रुजवली त्यांतले एक होते डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे, सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे. दुसरे विनायक गोविंद पानसे. १९४०च्या दशकात या दोघांनी भातागव्हाच्या रानात यदृच्छ नमुन्याचं तंत्र उतरवलं. त्यांचं सांगणं साधं होतं: तुकडा तुमच्या मनानं निवडू नका, तलाठ्याच्या सोयीनंही निवडू नका, आकड्यांच्या तक्त्याला निवडू द्या. म्हणजे जनमत चाचण्यांचं शास्त्र टीव्हीवर यायच्या कितीतरी आधी आपल्या बांधावर आलेलं होतं, आणि आणणारी माणसं मराठी होती. (शाळेच्या पुस्तकात मी हे कधी शिकवलं नाही, कारण ते पुस्तकात नव्हतं. आता खंत वाटते.)

आता गावात कापणी प्रयोगाबद्दल दोनच तक्रारी असतात आणि त्या दोन्ही जनमत चाचणीला जशाच्या तशा लागू पडतात. पहिली: "प्रयोग कुणाच्या रानात पडला?" पाटाखालच्या रानात पडला तर आकडा फुगतो, माळावर पडला तर बसतो. दुसरी: "मंडळाची सरासरी चांगली आली, पण माझं रान वाहून गेलं त्याचं काय?" सप्टेंबर २०२५मध्ये परंडा-भूम भागात पुराचं पाणी गावांत शिरलं, तेव्हा हा दुसरा प्रश्न सगळ्या जिल्ह्यानं विचारला.

पहिल्या तक्रारीचं उदाहरण माझ्या डोळ्यांसमोरचं. २०२४च्या विधानसभेआधी एका चाचणीवाल्या कंपनीचा पोरगा हातात टॅब घेऊन आमच्या गावात आला. सकाळचे अकरा वाजले होते. काढणी जोरात होती, बाया पहाटेच डबा घेऊन रानात गेलेल्या. पारावर आम्ही सहा जण होतो. चार म्हातारे, एक सरपंचाचा भाऊ आणि एक पुण्याहून सुटीवर आलेला इंजिनिअर. पोरगा बिचारा घामाघूम, दिवसात तीस फॉर्म भरायचे होते. त्यानं आमचेच सहा भरले. स्त्रियांचा रकाना रिकामा राहिला म्हणताना सरपंचाच्या भावानं घरात हाक मारली आणि त्याच्या आईनं उंबऱ्याआडून सांगितलं, "ह्यो सांगंल तेच माझं." झाला स्त्रियांचा रकाना भरून. त्याच्या यादीत जिल्हा अजून उस्मानाबाद होता. त्याला नाव ठेवायलाही जागा नाही, कारण जिल्हा धाराशिव झाला तरी निवडणूक आयोगाच्या कागदावर मतदारसंघाचं नाव उस्मानाबादच आहे.

त्या वर्षी ऑगस्टपासून 'लाडकी बहीण' योजनेचे महिन्याला दीड हजार बायांच्या खात्यावर पडायला लागले होते. नोव्हेंबरच्या निकालाला ते एक मोठं कारण होतं असं नंतर सगळेच म्हणाले. निकालानंतर म्हणणं सोपं असतं. पण ज्यांच्या खात्यावर ते पैसे पडले त्या बाया अकरा वाजता पारावर नव्हत्या, एवढं मी शपथेवर सांगू शकतो. त्याच दिवसांत साखर कारखान्यांचा हंगाम सुरू होत होता. भूम, वाशी, कळंब भागातली ऊसतोडीची बिऱ्हाडं ट्रॅक्टरवर संसार बांधून निघालेली. त्यांनाही कुणी टॅब दाखवला नसेल.

जगात या चुकीचं सगळ्यांत गाजलेलं उदाहरण अमेरिकेतलं आहे. १९३६मध्ये 'लिटररी डायजेस्ट' नावाच्या साप्ताहिकानं अध्यक्षीय निवडणुकीसाठी सुमारे एक कोटी लोकांना पत्रं पाठवली. तेवीस-चोवीस लाख उत्तरं आली. केवढा मोठा नमुना. त्यांनी सांगितलं, लॅन्डन निवडून येणार. प्रत्यक्षात प्रतिस्पर्धी रूझवेल्ट यांनी ४८पैकी ४६ राज्यं जिंकली. पत्ते काढले होते टेलिफोनच्या आणि मोटारींच्या याद्यांतून. मंदीच्या काळात ज्यांच्या घरी फोन आणि मोटार, ते म्हणजे पाटाखालचं रान. शिवाय उत्तर पाठवण्याची तसदी घेणारे वेगळेच. त्याच वर्षी जॉर्ज गॅलप यांनी त्याच्या किरकोळ अंशाएवढ्या नमुन्यावर विजेता बरोबर सांगितला. वर म्हटलं तेच: पोतंभर दाणे काढूनही खोटं बोलता येतं.

दुसरी तक्रार, म्हणजे सरासरी आणि आपलं रान यांतलं अंतर, जास्त नाजूक आहे. इथं चाचणीवाल्यांपेक्षा वाचणारे जास्त चुकतात.

राज्याची चाचणी दहा हजार लोकांची असेल तर लोक म्हणतात, केवढी मोठी. महाराष्ट्रासाठी ती मोठीच आहे. चूक एक टक्क्याच्या आसपास. पण महाराष्ट्रात २८८ मतदारसंघ. आमच्या जिल्ह्यात चार: उमरगा, तुळजापूर, उस्मानाबाद, परंडा. दहा हजारांतले आमच्या वाट्याला सरासरीनं एकशे चाळीस येतात. एकशे चाळीस लोकांवरून काढलेल्या टक्केवारीत चूक आठ टक्क्यांची, तीही वर आणि खाली. एकट्या परंड्याच्या वाट्याला पस्तीस माणसं येतात. पस्तीस माणसं तर एखाद्या बारशाच्या पंगतीलाही असतात. परंड्यात २०२४ला तानाजी सावंत जिंकले ते १,५०९ मतांनी. एका टक्क्याच्याही आतला फरक. तो पस्तीस जणांच्या पंगतीत शोधणं म्हणजे गव्हाच्या ढिगात मोहरीचा दाणा शोधणं. तरीही मतमोजणीच्या आदल्या रात्री एक वाहिनी परंड्याचा निकाल सांगत होती आणि आम्ही ऐकत होतो.

खरं तर धाराशिवचा इतिहासच असा आहे की कुठल्याही सरासरीनं तोंडात बोट घालावं. लोकसभेला २००९मध्ये पद्मसिंह पाटील यांनी रवींद्र गायकवाड यांना ६,७८७ मतांनी हरवलं. पाच वर्षांनी तेच दोघं समोरासमोर आले आणि गायकवाड २,३४,३२५ मतांनी जिंकले. माणसं तीच, मतदारसंघ तोच, फक्त हवा बदललेली. २०१९ला ओमप्रकाश राजेनिंबाळकर सव्वा लाखाच्या वर आघाडीनं आले. आणि २०२४?

७ मे २०२४ला आमच्याकडं मतदान झालं. निकाल ४ जूनला. मधले अठ्ठावीस दिवस जिल्ह्यात दुसरं काही काम नव्हतं. देशातले सगळे टप्पे संपेपर्यंत एक्झिट पोल दाखवायला कायद्यानं बंदी असते, लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १२६ अ, म्हणून १ जूनच्या संध्याकाळपर्यंत टीव्ही गप्प. पण गावाला कसली बंदी? प्रत्येकाच्या खिशात बूथनिहाय यादी. अमक्या वाडीची गठ्ठा मतं इकडं, तमकी गल्ली तिकडं, औशात मायनस, बार्शीत प्लस. लीड किती, एवढाच प्रश्न. मीही वहीच्या मागच्या पानावर आकडेमोड केली आणि अभिमानानं खाली रेघ मारून लिहिलं: राजेनिंबाळकर, ४० हजारांनी. विजेता बरोबर आला. लीड आलं ३,२९,८४६. गणिताचा मास्तर पावणेतीन लाखांहून जास्त मतांनी चुकला. ते पान मी फाडलं नाही. अधूनमधून काढून बघतो, तब्येतीला बरं असतं.

का चुकलो? मी ज्यांना विचारलं ते सगळे "बघू", "टाईट हाय", "फिप्टी-फिप्टी" असं म्हणत होते. मराठा आरक्षणाच्या आंदोलनानं मराठवाड्यात वर्षभर जे पेटत होतं ते सगळ्यांना दिसत होतं, पण कुणी अनोळखी माणसापुढं उघडं बोलत नव्हतं. आमच्या भागात मत विचारलं की माणूस आधी विचारणाऱ्याकडं बघतो: हा कुणाचा? मग त्याला हवं ते सांगतो. मास्तर शांतताप्रिय माणूस, म्हणून मला शांत उत्तर मिळालं. "टाईट" हे मतदाराचं मत नव्हतं, माझ्याशी बोलण्यातला तो शिष्टाचार होता. मी तो आकड्यांत धरला.

माझ्या जोडीला मोठमोठे होते, हे एक समाधान. १ जूनच्या संध्याकाळी 'अ‍ॅक्सिस माय इंडिया'नं रालोआला देशात ३६१ ते ४०१ जागा दिल्या होत्या. प्रत्यक्षात मिळाल्या २९३. त्यांचे प्रमुख प्रदीप गुप्ता ४ जूनला कॅमेऱ्यासमोर रडले. लोकांनी चेष्टा केली. मला तो माणूस त्या दिवशी पहिल्यांदा आवडला. चुकल्यावर रडणारा अंदाजवाला मी तरी दुसरा पाहिलेला नाही. हवामानाचा अंदाज चुकल्यावर रडतो तो शेतकरी.

राज्याचा निकाल तर चाचणी वाचणाऱ्यानं चौकट करून भिंतीवर लावावा असा. लोकसभेला महाराष्ट्रात दोन्ही आघाड्यांच्या मतांतलं अंतर साधारण एक टक्का, महायुतीच्या मित्रपक्षाची मतं धरली तर त्याहून कमी. आणि जागा? महाविकास आघाडी ३०, महायुती १७, सांगलीत अपक्ष एक. म्हणजे एखाद्या संस्थेनं मतांची टक्केवारी अगदी अचूक काढली असती तरी तिला जागा सांगता आल्या नसत्या. टक्का आणि जागा यांच्यामध्ये एक उतार असतो. पाणी थोडं इकडं झुकलं की सगळं इकडंच वाहतं. सहा महिन्यांनी ते तिकडं वाहिलं. भाजप १३२, शिंदे यांची शिवसेना ५७, अजित पवारांची राष्ट्रवादी ४१. बहुतेक एक्झिट पोलनी महायुतीला पुढं दाखवलं होतं, पण एवढं पुढं कुणाच्याच कल्पनेत नव्हतं.

आणि त्यातही गंमत. मराठवाड्यात विधानसभेच्या ४६ जागा. त्यांतल्या पाचच महाविकास आघाडीला मिळाल्या. त्या पाचांतल्या दोन आमच्या जिल्ह्यातल्या: उस्मानाबादला कैलास पाटील आणि उमरग्यात प्रवीण स्वामी. जिल्ह्याचा निकाल दोन-दोन. शेजारची बार्शी आमच्याच लोकसभा मतदारसंघातली. तिथंही दिलीप सोपल आले. म्हणजे मे महिन्यात मराठवाड्याची जी सरासरी होती तिच्या पुढं आम्ही धावत होतो, आणि नोव्हेंबरात जी होती तिच्या उलट निम्मे उभे राहिलो. मंडळाची सरासरी एक, आमचं रान दुसरं.

माझा भाचा अमेरिकेत पेन्सिल्व्हेनिया राज्यात, पिट्सबर्गजवळ राहतो. २०२४च्या ऑक्टोबरमध्ये, इकडं आमची धामधूम चालू असताना, तो फोनवर वैतागून म्हणाला, "मामा, रोज चार-पाच फोन येतात सर्व्हेचे. माझा मित्र न्यू जर्सीत राहतो, त्याला एक येत नाही." मी म्हटलं, तुझं रान प्रयोगात पडलंय. तिकडं अध्यक्ष देशाच्या एकूण मतांवर ठरत नाही. प्रत्येक राज्याला ठरावीक मतं, एकूण ५३८, जिंकायला २७०, आणि जवळजवळ सगळीकडं राज्यात जो पुढं त्याला राज्याची सगळीच्या सगळी. न्यू जर्सी कुणीकडं जाणार ते जवळपास ठरलेलं; पेन्सिल्व्हेनियाची १९ मतं अधांतरी. म्हणून देशभराच्या चाचणीला तिथले जाणते फार किंमत देत नाहीत, राज्याराज्याच्या चाचण्या बघतात. २०१६मध्ये देशभराच्या चाचण्या फारशा चुकल्या नव्हत्याच. हिलरी क्लिंटन यांना एकूण मतं दोन टक्क्यांनी जास्त पडली. पण विस्कॉन्सिन, मिशिगन, पेन्सिल्व्हेनिया ही तीन राज्यं मिळून अठ्ठ्याहत्तर हजारांच्या आत मतांनी गेली आणि अध्यक्षपद गेलं. अठ्ठ्याहत्तर हजार म्हणजे आमच्या लोकसभेच्या वीस लाख मतदारांतला एक कोपरा.

आणखी एक गोष्ट तिथल्या लोकांना महागात पडून कळली, ती इथल्या शेतकऱ्याला आजोबांपासून माहीत आहे. चुका एकट्या येत नाहीत. मृग कळंबात चुकला की वाशीतही चुकतो, भूममध्येही. तीन मंडळांचा अंदाज वेगवेगळा घेतला म्हणून तीन वेगवेगळे पुरावे मिळाले असं होत नाही. ढग एकच असतो. २०२४च्या शेवटच्या चाचण्यांत सातही अटीतटीच्या राज्यांत जवळपास बरोबरी दिसत होती. लोकांना वाटलं चार इकडं, तीन तिकडं जातील. साती ट्रम्प यांच्याकडं गेली. प्रत्येक राज्यातली चूक लहानच होती, एक ते तीन टक्क्यांची, पण सगळ्यांची एकाच बाजूला. उलट, आयोवात अ‍ॅन सेल्झर या नावाजलेल्या बाईंनी मतदानाच्या तोंडावर कमला हॅरिस तीन टक्क्यांनी पुढं असल्याचं सांगितलं आणि एका रात्रीत जगभर हवा फिरली. ट्रम्प तिथं तेरा टक्क्यांनी जिंकले. सेल्झर यांचं नाव खरंच मोठं होतं, आधी कित्येकदा त्या एकट्या बरोबर आल्या होत्या. पण चार मंडळांचं उत्पन्न खाली आणि एकाच रानात अचानक दुप्पट निघालं तर तलाठी काय करतो? पुन्हा वजन करायला लावतो.

आपल्याकडं राष्ट्रपतीच्या निवडणुकीला यातलं काही लागत नाही, हे एक बरं. खासदार-आमदार मोजले की झालं. महाराष्ट्रातल्या आमदाराच्या मताचं मूल्य १७५, तेही १९७१च्या जनगणनेवरून काढलेलं. १,५०९ मतांनी आलेला आमदार असो की लाखानं आलेला, मूल्य १७५च. तिथंही अंदाज अगदीच चुकत नाहीत असं नाही. २००७मध्ये प्रतिभाताई पाटील उभ्या राहिल्या तेव्हा शिवसेनेनं भाजपबरोबरची युती बाजूला ठेवून मराठी उमेदवाराला मत दिलं होतं.

तर चाचणी बघायचीच नाही का? मी बघतो. आवडीनं बघतो. पण आधी आडत्याला विचारतो तेच विचारतो. मूठ कुठून काढली, वरच्या थरातून की तळातून. किती काढली. कुणी काढली, आणि यंत्र त्याचं की तिऱ्हाइताचं. माल विकत घेणाऱ्याच्याच यंत्रावर हवा मोजली तर ती नेहमी एखादा टक्का जास्त भरते हे सगळ्या जिल्ह्याला माहीत आहे. पैसे देऊन चाचणी करून घेणाऱ्या पक्षाच्या आकड्यालाही हाच हिशेब. आणि कधी काढली. दहा सप्टेंबरची मूठ वीस नोव्हेंबरच्या पोत्याबद्दल काय सांगणार? मधे ऊन पडतं, दाणा वाळतो. यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर पडद्यावर दिसत नसेल, तर तो आकडा मी ऐकतो आणि चहा संपवतो.

जागांचा आकडा तर मी आता बघतच नाही. टक्केवारी बघतो, आणि तीही एका संस्थेची दर महिन्याची एकाखाली एक लिहून. एकच काटा सारखा चुकत असला तरी वजन वाढतंय की घटतंय एवढं तो खरं सांगतो. आमच्या घरचा जुना काटा दोनशे ग्रॅमनं खोटा आहे. आजीनं त्यावर चाळीस वर्षं नातवंडांची वजनं केली आणि कोण वाळतंय, कोण भरतंय ते तिला बरोबर कळायचं.

आज सकाळी माझ्या मालाची हवा साडेतेरा निघाली. मी नळी तळापर्यंत खुपसायला लावली, दुसरी मूठ काढायला लावली, ती साडेबारा निघाली. आडत्या हसला, "गुर्जी, तुमी लई बघता." दोन्हींच्या मधला भाव लागला.

जिल्हा परिषद असो की लोकसभा, तुमच्याही दारात कधीतरी टॅब घेतलेला एखादा पोरगा येईल. त्याला पाणी द्या, खरं सांगायचं नसेल तर सरळ नको म्हणा, पण "बघू" म्हणून त्याचा कागद भिजवू नका. आणि त्याला सांगा की घरातल्या बाईला तिच्या तोंडून विचार, पण त्यासाठी संध्याकाळी ये. ती सहानंतर रानातून येते.